उणे-अधिकच्या अदलाबदलीची किंमत

डिसेंबर २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले आणि प्रथिनांची रचना शोधणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत खळबळ उडाली. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेचे जेफ्री चँग यांनी आपले शोधनिबंध मागे घेत असल्याचे त्यात म्हटले होते. अशा निबंधांची संख्या अखेर पाचावर गेली. त्यांतील पहिला २००१ चा, 'एमएसबीए' या जिवाणूंच्या पेशीपटलातील प्रथिनाविषयीचा. मधल्या पाच वर्षांत अनेकांनी त्या रचनेवर आपले संशोधन उभे केले होते. यात लबाडी नव्हती. प्रयोगशाळेतल्या एका घरगुती आज्ञावलीने आकड्यांचे दोन स्तंभ आपसात बदलले होते, एवढेच.

एवढ्याने रचना कशी चुकते? स्फटिकावर क्ष-किरण सोडले की शोधकावर हजारो ठिपके उमटतात. त्यांची तीव्रता मोजता येते. लहरींची कला मात्र हरवते. ती मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे स्फटिकातील जड अणूंमुळे ठिपक्यांच्या जोड्यांत पडणारा सूक्ष्म फरक. जोडीतला कोणता ठिपका अधिक तेजस्वी, यावरून रेणूची डावी-उजवी बाजू ठरते. चिन्ह उलटले की हाती येते ते आरशातले प्रतिबिंब. प्रथिनांतील मळसूत्रे उजव्या वळणाची असतात, त्यामुळे सुस्पष्ट प्रतिमेत ही चूक लगेच पकडली जाते. पण इथे विभेदन अवघे ४.५ अँगस्ट्रॉम होते. एवढ्या धूसरतेत मळसूत्र जाड दांड्यासारखे दिसते, वळण कळत नाही. २००६ मध्येच झुरिकच्या डॉसन आणि लोखर यांनी 'एसएव्ही१८६६' या सजातीय प्रथिनाची ३ अँगस्ट्रॉमची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा विसंगती उघडी पडली.

म्हणून नवी प्रयोगशाळा थाटणाऱ्यांनी पहिली खूणगाठ बांधावी ती ही : मोजमापांवरील संस्करण सर्वमान्य आज्ञावल्यांनीच करावे. 'एक्सडीएस', 'सीसीपी४', 'फीनिक्स' यांवर हजारो डोळ्यांची नजर असते. स्वतःची आज्ञावली वापरायचीच, तर जिचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा एखाद्या स्फटिकावर ती आधी तपासावी. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम हा त्यासाठीचा जुना आणि स्वस्त विद्यार्थी!

अॅक्सेल ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये सुचवलेली 'आर-फ्री'ची कसोटी आज सर्वत्र रूढ आहे. सुमारे पाच ते दहा टक्के ठिपके बाजूला ठेवायचे आणि रचना सुधारताना त्यांना हात लावायचा नाही. त्याच प्रकारच्या स्फटिकाची नवी मोजमापे आली, तर बाजूला ठेवलेला संच तोच राहिला पाहिजे. तो बदलला की कसोटी नकळत भ्रष्ट होते. नवखे विद्यार्थी इथे हमखास घसरतात. शेवटी 'मॉलप्रॉबिटी'ची तपासणी आहेच. तिच्यात गो. ना. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ साली मांडलेला आलेख आजही वापरला जातो.

उपकरणांबाबत थोडी काटकसर चालते. एकेकाळी त्रिमितीय चष्म्यांचे महागडे पडदे लागत. आता चांगल्या चित्रपत्रिकेचा साधा संगणक पुरतो. 'कूट' वापरायचे तर तीन कळांचा माऊस मात्र घ्यावा. किंमत मामुली, पण त्याच्यावाचून दिवस वैतागात जातो. काटकसर करू नये ती साठवणीत. मूळ प्रतिमा पुसून केवळ अंतिम आकडे ठेवले, तर पुढे शंका आल्यास परतीची वाट उरत नाही. दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत.

आणि द्रव नायट्रोजन. स्फटिक उणे १७३ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी तो लागतोच. पण एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि तो खोलीतला प्राणवायू हटवतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत प्राणवायूमापक बसवावा, आणि नायट्रोजनचे पात्र उद्वाहनातून न्यायचे असेल तर त्यासोबत कोणी आत चढू नये. पात्र एकटे पाठवावे आणि माणसाने जिन्याने जावे.