गादीखालचा रुपया
(लेखमाला : श्रद्धा आणि तर्क, भाग सहावा)

जानेवारी २०२३ मध्ये रायपूरच्या गुढियारीत बागेश्वर धामच्या धीरेंद्रकृष्ण शास्त्रींची रामकथा झाली. गर्दी झाली असतीच, पण वाहिन्यांचे कॅमेरे धावत आले ते नागपूरच्या भांडणामुळे. तिथे अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानव यांनी, न विचारता माणसाचे दुखणे ‘पर्चा’वर म्हणजे चिठ्ठीवर लिहिण्याच्या शास्त्रींच्या दाव्याला आव्हान दिले होते : आमच्या अटींवर, आम्ही आणलेल्या माणसांबद्दल अचूक सांगा आणि तीस लाख रुपये घेऊन जा. शास्त्री म्हणाले, रायपूरला या, येण्याजाण्याचा खर्च माझा. मानव म्हणाले, चाचणी नागपुरातच. चाचणी झालीच नाही. दोन्ही बाजू आपणच जिंकल्याच्या थाटात राहिल्या.

त्या आठवड्यात घराघरांत जी वादावादी झाली तिच्यात दोन प्रश्नांची सरमिसळ होती. न विचारता माणसाचे दुखणे ‘पर्चा’वर लिहिता येते का, हा एक. मंडपात ‘जय श्रीराम’ म्हणणारा माणूस बुद्धी गहाण टाकून आला आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एका दुपारी मिळू शकते. बंद खोली, अनोळखी माणसे आणि नि:पक्ष साक्षीदार एवढेच लागते. दुसऱ्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि योगायोगाने रायपुरातच.

१८७७ साली कोलकात्याच्या विश्वनाथ दत्त या वकिलाचे कुटुंब रायपूरला आले. रेल्वे अजून इथवर पोहोचली नव्हती, शेवटचा मोठा टप्पा जंगलातून बैलगाडीने. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, इथे सुमारे दोन वर्षे राहिला. शिकवणी वडिलांकडेच. घरी येणाऱ्या मोठ्यांच्या चर्चेत पोराने तोंड घालायला हरकत नसे, पण बोललेले पटवून द्यावे लागे. आज रायपूरचा विमानतळ त्याच्या नावाचा आहे आणि बूढा तलावही विवेकानंद सरोवर झाला आहे.

त्याच १८७७ मध्ये लंडनच्या एका मासिकात गणिती विल्यम क्लिफर्ड यांचा श्रद्धेच्या नीतीवरचा निबंध छापून आला. त्यातला जहाजमालक तत्त्वज्ञानाच्या वर्गात अजून भेटतो. जहाज जुने, दुरुस्तीला आलेले, हे त्याला ठाऊक आहे. पण तो मनाची समजूत घालतो, इतक्या फेऱ्या झाल्या, हीही होईल, देव या गरीब कुटुंबांना सांभाळेल. जहाज बुडते, तो विम्याचे पैसे मोजून घेतो. क्लिफर्ड म्हणतात, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते, तरीही तो दोषीच. यातून त्यांनी नियम काढला : पुरेशा पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवणे कोणालाही, कधीही चूकच.

नियम कडक आहे. मला तो पाळता येण्याजोगा वाटत नाही. मैत्री, लग्न, नवा धंदा, यांतले काहीच पुरावा पुरेसा होईपर्यंत थांबत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६ च्या व्याख्यानात नेमके इथेच बोट ठेवले. निवड टाळता येत नाही, तिच्यावर आयुष्याचे बरेच काही अवलंबून आहे आणि बुद्धीने तिचा निकाल लागूच शकत नाही, अशा जागी मनाच्या कौलाने जायला माणूस मोकळा आहे. या जेम्स यांची विवेकानंदांशी ओळख होती आणि धर्मानुभवावरच्या आपल्या १९०२ च्या ग्रंथात त्यांनी विवेकानंदांचा आधारही घेतला.

पण जेम्स यांची सूट सरसकट नाही, हे त्यांचे नाव घेणारे पुष्कळदा विसरतात. विश्वाच्या मुळाशी काही चैतन्य आहे का, याचा निकाल प्रयोगशाळेत लागत नाही. पर्चाचा लागतो. जिथे तपासणी शक्य आहे तिथे ‘माझी श्रद्धा आहे’ हे उत्तरच नव्हे. रामावरची भक्ती आणि पर्चावरचा भरवसा एकाच मंडपात, एकाच माणसाच्या मनात शेजारी बसले असतील, तरी दोघांची जात वेगळी.

नरेंद्राला हा फरक कळत होता. पुढे कॉलेजात मिल आणि स्पेन्सर वाचून तो ब्राह्मो समाजात रमला, आणि १८८१ मध्ये रामकृष्ण परमहंसांना भेटला तो ‘देव पाहिलात का?’ हा प्रश्न घेऊन. रामकृष्णांना पैशाचा स्पर्श सोसत नाही, असे शिष्य सांगत. चरित्रकार लिहितात की नरेंद्राने गुपचूप त्यांच्या गादीखाली रुपया सरकवला. ते बसायला गेले आणि चटका बसल्यासारखे उठले. या गोष्टीतल्या चमत्कारापेक्षा मला पुढचा भाग मोलाचा वाटतो. शिष्याने आपली परीक्षा घेतली म्हणून गुरू रागावला नाही, उलट खूश झाला. नाणे वाजवून घेतात तसे मला पारखून घे, असे तो सांगे.

आपल्याकडच्या सुधारकांतही न्यायमूर्ती रानडे ईश्वर मानणाऱ्या प्रार्थना समाजाचे, आगरकर अज्ञेयवादी. ईश्वराबद्दल दोघांचे कधी जमले नसते, तरी विधवाविवाहाच्या बाजूने दोघेही युक्तिवादच करत होते. रानड्यांच्या श्रद्धेने त्यांचे अर्थशास्त्र बिघडले नाही. आणि नास्तिक म्हणजे आपोआप विवेकी, असेही नाही; एखाद्या पुढाऱ्यावर किंवा शेअरच्या टिपेवर त्याचा आंधळा भरवसा असू शकतो.

जहाजमालकाकडे पुन्हा बघू, कारण बुडाले ते प्रवासी. छत्तीसगडच्या खेड्यांत पोर आजारी पडले, गाय आटली की एखाद्या बाईला ‘टोनही’ म्हणजे चेटकीण ठरवले जाते. बऱ्याचदा ती विधवा किंवा एकटी असते. मानणाऱ्यांचा विश्वास प्रामाणिक असतो, मार ती खाते. राज्याने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. बाईला टोनही ठरवले तर तीन वर्षांपर्यंत, छळ केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र वर्षानुवर्षे गावोगाव जाऊन याबद्दल बोलत आहेत. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही, आणि दाभोलकरही आयुष्यभर सांगत होते की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे.

राहतो तो मधला माणूस. पोराच्या मनगटाला गंडा बांधतो आणि सरकारी दवाखान्यातला डोसही चुकवत नाही. त्याला तर्कशून्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गोळी चालू आहे तोवर गंड्याने काही अडत नाही. पण हाच माणूस देवाशी अट घालतो, ताप उतरला तर अमुक वाहीन, तेव्हा पुरावा कशाला म्हणायचे हेच बदलते. ताप उतरला तर देव पावला. नाही उतरला तर नवसात काही चुकले. या हिशेबात देव कधीच हरत नाही. पुढच्या आठवड्यात नवसाबद्दल.