फुटक्या लॅपटॉपची तिजोरी

मैत्रिणींनो, ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटलं की आपल्याला जुन्या साडीची गोधडी आठवते. आमच्या बोईसरच्या घरात मात्र यंदा फुटक्या लॅपटॉपचं सोनं झालं!

लेकाच्या हातून लॅपटॉप पडला, पडदा फुटला. दुरुस्तीवाला म्हणाला, "भंगारात द्या." त्याच सुमारास माझा फोन बिघडला. बचत गटाची वही पावसात भिजलेली, हिशेबाचे फोटो तेवढे फोनमध्ये होते. तेही गेले! बारा जणींच्या पैशांचा प्रश्न, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पासबुकांवरून हिशेब जुळवता जुळवता महिना गेला.

मग लेकाने तो लॅपटॉप टीव्हीला जोडून त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि वायफायच्या डब्याशेजारी ठेवला. झाला घरचा सर्व्हर! म्हणजे घरातल्या सगळ्या फोनचं एकच सामायिक कपाट. घरातल्या घरात इंटरनेटही लागत नाही. वीज साठ वॅटच्या जुन्या बल्बपेक्षा कमी. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून शेजारी, तरी पावसाळ्यात आमचे दिवे जातातच. तेव्हा लॅपटॉपची बॅटरी त्याला सांभाळून घेते.

दोन गोष्टींची मात्र खूणगाठ बांधा. बॅटरी फुगली असेल तर जाणकाराकडून काढून घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच. सगळे दागिने एकाच डब्यात ठेवतो का आपण?