नव्वदीतल्या मांड्यांना वजन

१९९० साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना पायांनी वजन उचलायला लावले. त्यांची वये होती ८६ ते ९६. व्यायाम आठवड्यातून तीनदा, खुर्चीत बसून गुडघा सरळ करण्याचा. वजन मात्र नावापुरते नव्हते. जे वजन एकदाच कसेबसे उचलता येई त्याच्या ८० टक्के भार, सरावाचा पहिला आठवडा सोडला तर. नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली.

मांडीचे स्नायू मात्र नऊ टक्क्यांच्या आसपासच वाढले होते. मग उरलेली ताकद आली कुठून? मोरितानी आणि डीव्रीज यांनी १९७९ मध्येच दाखवले होते की, सुरुवातीच्या आठवड्यांत मुख्यतः मज्जासंस्था शिकते. सुस्तावलेले स्नायुतंतू ती अधिक संख्येने कामाला लावते. स्नायू भरतात ते नंतर. नव्वदीतही हे शिकणे थांबत नसावे, असे बॉस्टनच्या निकालांवरून दिसते.

फियातारोने यांच्या गटाने १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, जिना चढण्याची क्षमता २८ टक्क्यांनी. नुसता पूरक आहार घेणाऱ्यांना असा लाभ झाला नाही. आजीला बदाम-खारीक देऊन ‘आता पडून राहा’ म्हणणाऱ्या प्रत्येक प्रेमळ घराने हा निष्कर्ष मनावर घ्यावा.

कारण पडून राहण्याची किंमत जबर असते. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा कळले की त्या तीन आठवड्यांनी शरीराची दमसास क्षमता जेवढी घटवली होती, तेवढी तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही घटवली नव्हती.

भार हळूहळू वाढवत नेण्याची शिस्त मुळात जखमी सैनिकांसाठी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म यांनी गुडघ्याच्या रुग्णांना जड वजने दिली आणि ते लवकर सावरले. पुढे त्यांनी दहा-दहा वेळांचे तीन टप्पे ठरवले. आज कुठल्याही जिममध्ये ‘तीन सेट’ म्हणतात, ते याच परंपरेतले.

भारतासह सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार प्रौढांच्या हाताची पकड मोजणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पकड पाच किलोने कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. मृत्यूचा अंदाज बांधायला वरच्या रक्तदाबापेक्षा पकड अधिक उपयोगी ठरली. पकडीचे स्प्रिंग दाबत बसल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नाही. पकड ही साऱ्या अंगातल्या ताकदीची खूण आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आपल्याकडे सकाळच्या फेरीवर सगळी भिस्त असते, दुसरा भाग सुटतो. फेरी हृदयाला उत्तम. पण खुर्चीतून हात न टेकता उठायला मांड्यांना भार लागतो.

कमावलेली ताकद टिकते किती, हा प्रश्न उरतो. बॉस्टनच्या वृद्धांनी व्यायाम थांबवला, तेव्हा चारच आठवड्यांत ३२ टक्के ताकद ओसरली होती. डेन्मार्कमध्ये मात्र निवृत्तीच्या वयातल्या साडेचारशे लोकांच्या प्रयोगात वेगळे चित्र दिसले. ज्यांनी वर्षभर जड वजने उचलली, त्यांच्या पायांची ताकद चार वर्षांनंतरही सुरुवातीइतकीच होती. मध्यम व्यायाम करणाऱ्यांची आणि काहीच न करणाऱ्यांची तोवर घसरली होती.