पांढरी पाचच्या किंचित वर

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते. ती ध्वनियंत्रणेत शिरली की खर्जातला एक अखंड नाद ऐकू येतो. ध्वनिमुद्रणवाले त्याला 'हमिंग' म्हणतात, मी साधी घरघर म्हणतो. पेटीच्या हिशेबात ती खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपेक्षा सुमारे एक तृतीयांश अर्धस्वर वर पडते. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्यात ती पंचमाआड लपते. काळी एकवाल्याला मात्र ती तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये कुठेतरी बोचत राहते. (अमेरिकेत आवर्तने 60, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध. तिथे ती कोणत्याच स्वराआड लपत नाही.)

घरगुती मैफलींच्या जुन्या स्पूल-टेपा मी एका जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरमधून संगणकावर उतरवतो. काही टेपांचा लेप सुटू लागलेला असतो. त्या दुसऱ्यांदा नीट वाजतील याची खात्री नसते. घरघर नंतर गाळून टाकू, असे म्हणणे सोपे आहे. पण गाळणी 100 आवर्तनांवर लावली की तानपुऱ्याची पंचमाची तार आणि डग्ग्याची घुमकही त्यातून गळते. म्हणून टेप लावण्यापूर्वी मिक्सरच निर्दोष हवा.

आधी कान. मऊ, गोल घरघर 50 आवर्तनांची असते आणि ती बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून किंवा अर्थिंगमधून येते. खरखरीत, धारदार असेल तर संशय वीजपुरवठ्याच्या पेटीवर, कारण रेक्टिफायर आवर्तनाचे दोन्ही अर्ध वापरतो आणि 50चे 100 होतात. मग सगळ्या केबली काढून फक्त हेडफोन ठेवायचा. घरघर थांबली तर मिक्सर निरपराध. एकेक केबल परत जोडत जायची. जिच्यामुळे आवाज परतला, तिथे अर्थिंगचे वेटोळे आहे. टेपयंत्राला प्लगमधून एक अर्थ मिळतो आणि केबलच्या जाळीतून दुसरा. या दोन वाटांच्या वेटोळ्यात आसपासचे चुंबकी क्षेत्र प्रवाह निर्माण करते. मांडववाले अशा वेळी प्लगची अर्थ-पिन काढून टाकतात. घरघर जाते, पण यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरली तर तिला जायला माणसाच्या हाताखेरीज वाट उरत नाही. हे कधीही करू नये. बॅलन्स्ड केबलची जाळी एकाच टोकाला जोडावी, किंवा मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा.

केबली काढूनही आवाज राहिला, तर फेडर एकेक खाली आणायचे. एकाच चॅनलवर घरघर असेल तर त्या पट्टीचा अर्थचा सांधा गंजलेला असतो, तो पुसला की बहुधा भागते. सगळ्या चॅनलवर सारखी असेल तर वीजपुरवठा उघडावा लागतो. (तोही बंद करून, कपॅसिटरमधला साठा उतरू देऊन.)

माझ्या मिक्सरची घरघर दुपारी नसे, संध्याकाळी सातनंतर सुरू होई. हीच खूण निर्णायक. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्राव उष्णतेने वर्षानुवर्षे आटत जातो. त्याची साठवण घटते आणि दोन लाटांमधली दरी खोल होते. पंधरा व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला आत सुमारे दोन व्होल्ट जास्त लागतात. संध्याकाळी विजेचा दाब उतरला की दरीचा तळ त्या मर्यादेखाली जातो, आणि प्रत्येक दरीला रेग्युलेटर हात टेकतो. सेकंदाला शंभर वेळा. दोन मोठे कपॅसिटर बदलले आणि मिक्सर गप्प झाला.

आता टेप वाजवताना जी घरघर ऐकू येते ती टेपवरचीच, मुद्रणाच्या दिवशी शिरलेली. ती मी काढत नाही, मोजतो. ती 52 आवर्तनांची भरली, तर टेप सुमारे चार टक्के वेगाने पळते आहे आणि गायकाचा षड्ज जवळजवळ दोन तृतीयांश अर्धस्वर चढला आहे. पूर्वी विजेची आवर्तनेही थोडी खालीवर होत, म्हणून पेटीशी ताडून पाहतो, मग वेग सुधारतो. मूळ प्रतीत घरघर तशीच ठेवतो.