सहा मिलिमीटरचं अंतर

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पांढरे चार्जर ढिगाने मांडलेले असतात. शे-दीडशे रुपयांत सौदा होतो. घरी येऊन लावला, फोनवर बॅटरीची खूण हलू लागली, की चार्जर चांगला निघाला असं माणूस समजतो. फसगत इथेच होते. फोन चार्ज करणं हे अडॅप्टरचं अर्धंच काम आहे, आणि ते सोपं आहे.

अवघड काम वेगळं. सॉकेटमधला २३० व्होल्टचा एसी अडॅप्टरमध्ये शिरला की त्याचा डीसी होतो आणि दाब सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जातो. दुसऱ्या टोकाला साध्या चार्जरमधून ५ व्होल्ट बाहेर पडतात. या दोन बाजूंमध्ये बोराएवढा ट्रान्सफॉर्मर असतो. दोन्हीकडची वेटोळी एकमेकांना जोडलेली नसतात. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. सर्किट बोर्डावरही दोन्ही बाजूंत साधारण पाच-सहा मिलिमीटरची मोकळी पट्टी ठेवावी लागते. हातातला फोन आणि भिंतीतली वीज यांच्यामध्ये एवढीच काय ती आड.

स्वस्तातला चार्जर उघडला, की ही आड कशी खाल्ली आहे ते दिसतं. आत तपकिरी बोर्डाचा तुकडा, एक डायोड, एक छोटा ट्रान्झिस्टर आणि पिवळी टेप गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. फ्यूजच्या जागी बऱ्याचदा नुसता रेझिस्टर. टेपचे थर कमी, तारेवर साधं व्हार्निश. अमेरिकी अभियंता केन शिरिफ यांनी २०१४ मध्ये आयपॅडचा अस्सल आणि नकली चार्जर उघडून शेजारी ठेवले, तेव्हा नकलीतलं हे सुरक्षित अंतर एका मिलिमीटरहूनही कमी भरलं. दमट हवा, थोडी धूळ किंवा सोल्डरचा एखादा थेंब एवढं अंतर सहज ओलांडतो.

सगळ्यात धोक्याची जागा मात्र एका छोट्या कपॅसिटरची. विद्युत गोंगाट कमी करण्यासाठी तो दोन्ही बाजूंना जोडलेला असतो. इथे ‘वाय’ वर्गाचाच कपॅसिटर लागतो, कारण बिघडला तरी तो आतून जुळून वीज पलीकडे सोडणार नाही अशा बेताने बनवलेला असतो. पैसे वाचवायला तिथे साधा कपॅसिटर बसवला आणि तो शॉर्ट झाला, तर भिंतीतला दाब थेट केबलच्या टोकापर्यंत पोचतो. फोन कानाला लावून बोलणाऱ्याला याची आधी चाहूलही लागत नाही.

ही नुसती भीती नाही. यूएल या अमेरिकी सुरक्षा-तपासणी संस्थेने २०१६ मध्ये ॲपलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ४०० नकली अडॅप्टरची चाचणी घेतली. ३९७ नापास झाले. त्यांतल्या १२ अडॅप्टरची रचना इतकी वाईट होती, की त्यांच्या शॉकने जीव जाऊ शकला असता. त्याआधी २०१३ मध्ये चीनमधल्या दुर्घटनांच्या बातम्यांनंतर ॲपलने इतरांचे चार्जर परत घेऊन १० डॉलरमध्ये आपला देण्याची योजना काढली होती. २०२० पासून फोनच्या खोक्यातून चार्जरच गायब होऊ लागला, आणि तो वेगळा विकत घ्यायचा भार ग्राहकावर पडला.

चार्जिंगला लावलेल्या धातूच्या फोनवर बोट फिरवलं, की कधी बारीक झिणझिण्या येतात. चांगल्या चार्जरमध्येही किंचित गळती होते, पण तिला मर्यादा असते. चटका जाणवला, प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला किंवा हात ठेववत नाही इतका चार्जर तापला, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करावं आणि तो चार्जर पुन्हा लावू नये. लहान मुलांच्या घरात तर नक्कीच नाही.

भारतात मोबाइल चार्जरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक छापलेला असतो. खूण कुणीही छापू शकतो, म्हणून क्रमांक ताडून पाहावा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला, की उत्पादकाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की नाही ते समोर येतं. दुकानातच, पैसे देण्याआधी, हे मिनिटभरात होतं. नाव जुळलं नाही तर चार्जर तिथेच ठेवावा. तक्रार नोंदवायची सोयही त्याच ॲपमध्ये आहे.