थेम्सचं पाणी: दीडशे वर्षांचा हिशेब

लंडनची तहान भागवणाऱ्या थेम्स नदीतल्या नायट्रेटच्या नोंदी १८६८पासूनच्या आहेत. इतक्या जुन्या नोंदी फार थोड्या नद्यांच्या वाट्याला येतात. त्यांतून दिसतं ते असं: दुसऱ्या महायुद्धात अन्नासाठी कुरणं नांगरली गेली, मातीत साठलेला नायट्रोजन मोकळा झाला आणि नदीतलं नायट्रेट चढलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणखी एक उडी घेतली. जुन्या आणि नव्या मोजणीच्या पद्धती वेगळ्या, मग तुलना कशी करायची, ही शंका रास्त आहे. पण पद्धत बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा ही वाढ कितीतरी मोठी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९९१मध्ये युरोपात सांडपाणी आणि शेतीतलं नायट्रेट या दोहोंसाठी कायदे आले. त्यानंतर थेम्समधलं फॉस्फरस झपाट्याने उतरलं, नायट्रेट मात्र फारसं हललं नाही. मग शेतीवरचे निर्बंध फुकट गेले का? मला तसं वाटत नाही. फॉस्फरस मुख्यतः सांडपाण्याच्या नळातून येत होतं. शुद्धीकरण केंद्रात ते अडवलं की नदीत लगेच फरक पडतो. नायट्रेटची वाट जमिनीखालून जाते. थेम्सच्या खोऱ्यातल्या चुनखडीच्या खडकातून ते वर्षाला साधारण एक मीटर खाली झिरपतं. भूजल तीस-चाळीस मीटर खोल असेल, तर आज झऱ्यातून नदीत येणारं नायट्रेट १९८०-९०च्या दशकांतल्या शेतांचं असू शकतं. म्हणून पाच-दहा वर्षांच्या आकड्यांवरून एखादा कायदा फसला असं ठरवणं घाईचं आहे, आणि तेवढ्यावरून मोजणीचा खर्च कापणं त्याहून घातक.