जनुकाची झाली तारीख!

माणसाच्या पेशीत 'सेप्ट२' नावाचा एक जनुक असतो. पेशीविभाजनाच्या वेळी त्याची गरज पडते. संशोधक हे नाव एक्सेलच्या रकान्यात टाइप करतो, एंटर मारतो आणि जनुक गायब! जागेवर '२ सप्टेंबर' हजर. 'मार्च१' टाइप केलं की १ मार्च. हा घोळ २००४ मध्येच उघड झाला होता, पण ऐकतो कोण? २०१६ मध्ये तपासणी झाली, तेव्हा एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात नावं बिघडलेली निघाली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि जनुकांचं नव्याने बारसं झालं: 'सेप्टिन२', 'मार्चएफ१'. एक्सेलने ही खोड बंद करायची सोय दिली ती २०२३ मध्ये. वरातीमागून घोडं!

'बिग डेटा' म्हटलं की महासंगणक डोळ्यांपुढे येतात. गाडी अडते ती मात्र अशा रकान्यांत.

त्याच २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे अहवाल जुन्या धाटणीच्या एक्सेल फायलीत भरले जात होते. ही फाइल ६५,५३६ ओळींपुढे जातच नाही. सुमारे १६,००० रुग्ण मोजणीतून गळाले.

तिथल्याच सरकारी रुग्णालयांच्या २००९-१० च्या नोंदींनुसार प्रसूती विभागात १७,००० वेळा पुरुष दाखल झाले होते. चुकीच्या कोडची कृपा, दुसरं काय!

नीट ठेवलेली नोंद मात्र सोनं असते. प्रथिनांच्या रचनांचं सार्वजनिक भांडार १९७१ मध्ये जेमतेम ७ रचनांवर सुरू झालं. जगभरचे संशोधक त्यात भर घालत गेले. त्यावरच शिकून 'अल्फाफोल्ड' या एआय प्रणालीने २०२२ पर्यंत २० कोटींहून जास्त रचनांचे अंदाज मांडले. २०२४ चं नोबेल अल्फाफोल्डवाल्यांकडेही गेलं. पन्नास वर्षं मुकाट भर घालणाऱ्यांना निदान टाळ्या तरी मिळाव्यात.

आणि आपली बार्शी! देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये इथे सुरू झाली. दवाखान्यात येईल त्याचीच नोंद घेतली असती, तर वही अर्धी कोरीच राहिली असती. गावाकडे दुखणं अंगावर काढायची सवय. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांना लक्षणं समजावून सांगितली, शंका वाटली त्यांना तपासणीला आणलं. मोजायला म्हणून गेले आणि काही वर्षांत त्या गावांतल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला.